नोटेला जात नसते

कंधारच्या बाजारात आता चहाच्या टपरीपासून भाजीच्या पाटीपर्यंत क्यूआर कोडचे स्टिकर दिसतात. मोबाईल पुढे केला की पैसे पोचतात, सुट्या पैशांची कटकट नाही. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु पैसे पाठवताना पडद्यावर घेणाऱ्याचे नाव उमटते आणि पैसे पोचल्यावर देणाऱ्याचे नाव समोरच्याला कळते. आपल्या देशात नुसत्या आडनावावरून काय काय ओळखले जाते, हे चळवळीच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शंभराच्या नोटेवर देणाऱ्याचे आडनाव कधीच नव्हते.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खानावळींना मालकाचे नाव पाटीवर लिहिण्याची सक्ती झाली. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी अंतरिम आदेश देऊन ती रोखली. पण जे नाव पाटीवर लिहिण्याची सक्ती न्यायालयाने रोखली, तेच नाव गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर आपोआप येत असेल तर त्याचे काय?

पैशाच्या व्यवहारातील गोपनीयतेबद्दल जगात सर्वांत मोठ्याने बोलतात ते लिबर्टेरियन. म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याला सर्वोच्च मानून सरकारला कमीत कमी जागा देणारे विचारवंत. नोटा काढण्याची सरकारची मक्तेदारीच मोडा, असे फ्रेडरिक हायेक यांनी १९७६ मध्ये पुस्तक लिहून सांगितले. आपल्याकडे शरद जोशींनी १९९४ मध्ये काढलेला स्वतंत्र भारत पक्ष याच विचाराच्या जवळचा. डिजिटल पाकिटाबद्दल या मंडळींचे म्हणणे सरळ आहे. रोख रक्कम मागचे काही लक्षात ठेवत नाही, मोबाईलमधला पैसा सगळे लक्षात ठेवतो. आणि ज्याच्या हाती नोंद, त्याच्या हाती माणूस. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग सुरू केला. अशा रुपयाला तो कशावर खर्च करायचा याची अटही जोडता येते. उद्या शिष्यवृत्तीच्या पैशाला अशी अट लागली तर विद्यार्थ्याने कोणाकडे दाद मागायची?

ही भीती खोटी नाही. राज्यकर्त्यांबरोबर पैसाही बदलतो, हे मराठवाड्याने पाहिले आहे. कंधार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, येथे हाली शिक्का चालायचा. राज्य गेले, पुढे शिक्काही गेला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री एका भाषणाने पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि रोजंदारीवर जगणारा माणूस बँकेच्या रांगेत उभा राहिला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला सरकारने पैसे पाठवण्याचे ॲप आणले आणि त्याला ‘भीम’ हे नाव दिले. नाव देणाऱ्यांनी बाबासाहेबांचा पैशावरचा ग्रंथ वाचला होता काय? १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात चलन सरकारच्या मर्जीवर सोडू नये, असेच त्यांनी मांडले. रुपया घसरला की निर्यातदार व्यापारी कमावतो आणि मजुरी करणारा नागवला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते आज या ग्रंथाचा आवर्जून दाखला देतात.

मात्र ते बाबासाहेब अर्धेच घेतात. सरकार बाजूला झाले म्हणजे दुबळा माणूस मोकळा होत नाही, तो खाजगी मालकाच्या हुकमतीखाली जातो, असा इशारा त्यांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये दिला. लिबर्टेरियनांना सरकारची दडपशाही दिसते. गाव, सावकार आणि मुकादम दिसत नाहीत. कंधार, लोहा, मुखेड भागातून जोडपी ऊसतोडीला जातात. त्यांची उचल बहुधा रोखीत आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. किती घेतले, किती फिटले, याचा पुरावा मजुराकडे नसतो. येथे गोपनीयता मजुराची नसून मुकादमाची आहे. अशा ठिकाणी बँकेतली नोंद हेच मजुराचे हत्यार ठरते.

म्हणून नोंद असावी की नसावी, एवढाच प्रश्न नाही. नोंद कोणाची आणि ती पाहणार कोण, हा खरा प्रश्न आहे. २०१८ च्या निवडणूक रोखे योजनेत राजकीय पक्षांना कोट्यवधी रुपये देणाऱ्यांची नावे मतदारांपासून झाकली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. म्हणजे सहा वर्षे धनदांडग्यांच्या देणग्यांना पडदा होता आणि दहा रुपयांच्या चहाची मात्र नोंद होत होती! २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तरीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे ठेवला.

फसवणूक टाळण्यासाठी नाव दाखवावे लागते, असे सांगितले जाईल. मग दुकानाचे नाव किंवा क्रमांक दाखवावा; आडनाव कशाला? रोख पैसे देण्या-घेण्याचा हक्क कायम राहावा, कोणावरही मोबाईलची सक्ती नको. उचल आणि मजुरीची नोंद मजुराच्या हाती असावी. माहितीच्या कायद्याने सरकारलाही बांधावे. चळवळीने पाणवठ्यासाठी, मंदिरप्रवेशासाठी, नामांतरासाठी लढे दिले. आता बाजारात जात न सांगता उभे राहण्याचा हक्कही आपल्या मागण्यांच्या यादीत आला पाहिजे.