घरच्या घरी उपचार (लेखांक ६) : ऊन लागलं की गोळी नको

सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो, साधारण २५ मेला. नागपूरचा उच्चांक मात्र नवतप्यासाठी थांबला नव्हता : २३ मे २०१३, ४७.९ अंश. अशा दिवसांत इतवारीतली कामं आटोपून भरदुपारी घरी आलेला माणूस ‘डोकं भणभणतंय’ म्हणतो, अंग हाताला चटका देतं आणि कुणीतरी तापाची गोळी पुढे करतं.

ती गोळी परत डब्यात ठेवा. तापात मेंदूच अंगाचं तापमान वर चढवतो आणि पॅरासिटामॉल तिथे काम करते. ऊन लागतं तेव्हा मेंदूचा काहीच हात नसतो. साठलेली उष्णता बाहेर टाकणं शरीराला झेपत नाही, इतकंच. गोळीने उष्णता जात नाही, यकृताला मात्र फुकटचं काम लागतं.

पायात गोळे, मळमळ, चक्कर, गर्द पिवळी लघवी, पण बोलणं ठिकाणावर : असा माणूस घरी सावरतो. कूलरसमोर आडवं करा, पाय उशीवर, कपडे सैल, आणि घोट-घोट ओआरएस. तासाभरात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत, तर डॉक्टर गाठा.

थर्मामीटरपेक्षा वागण्याकडे बघा. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, असं विचारा. उत्तर भलतंच आलं, माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले, तर तो उष्माघात. घाम आटला तरच उष्माघात, हा समज घातक आहे. उन्हात राबणाऱ्याला घामाने निथळत असतानाही तो होतो. एकाने १०८ लावावा, दुसऱ्याने त्याच मिनिटाला अंगावर पाणी ओतायला घ्यावं. ओली चादर आणि वर जोरात पंखा. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि अंग निवतं. बर्फ असल्यास फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, श्वासनलिकेत जातो. रुग्णालय मेडिकल असो की मेयो, तिथे पोहोचेपर्यंत अंग ओलं राहिलं पाहिजे.

आता ओआरएस. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्यावर कॉलराचे असंख्य रुग्ण वाचवले. साखर आतड्यातून आत शिरताना मिठाला सोबत नेते, मागोमाग पाणी जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. मोठं पाकीट लिटरभर पाण्यात एकदम कालवायचं. चमचा-चमचा काढून पेल्यात टाकलं की कधी मीठ जास्त, कधी साखर. चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचाच. दुकानातली फळांच्या चवीची गोड खोकी म्हणजे ओआरएस नव्हे. कैरीचं पन्हं, मठ्ठा उत्तम, मीठ घालून. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांना ऊन लवकर बाधतं, त्यांना दुपारी घराबाहेर सोडूच नका.

खिशातला कांदा? राहू द्या, भाजीला होईल. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा खरा कामाचा.

पुढच्या आठवड्यात : घोळणा फुटला तर डोकं मागे का टाकायचं नाही.