इंग्रजी शिकले म्हणून कोणी परका होत नाही

घरातले पोर इंग्रजी कविता घडाघडा म्हणू लागले की आजीचा ऊर भरून येतो. पण शेजारचा कोणी तरी म्हणतोच, "ती साहेबाची भाषा. ती शिकून देशाभिमान कसा राहणार?" या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार केला पाहिजे.

१८३५ साली मेकॉलेने इंग्रजी शिक्षणाचा आग्रह धरला. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यात दुभाष्याचे काम करणारा वर्ग त्याला हवा होता. हेतू साहेबाचा होता. उपयोग मात्र आपल्या माणसांनी वेगळाच केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आपले मोठे ग्रंथ त्यांनी इंग्रजीत लिहिले. पण १९२० साली 'मूकनायक' आणि १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले ते मराठीतच. राज्यकर्त्यांशी बोलायला एक भाषा, आपल्या माणसांशी बोलायला दुसरी. म्हणून ते कमी भारतीय ठरले काय?

भारताची घटनाही मूळ इंग्रजीतच तयार झाली. तिच्या ३४३ व्या कलमाने हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली आणि इंग्रजीला १५ वर्षांची मुदत मिळाली. १९६५ साली ही मुदत संपताना हिंदी लादली जाईल या भीतीने मद्रास राज्य पेटले. १९६७ साली राजभाषा कायद्यात दुरुस्ती होऊन इंग्रजीचे स्थान पक्के झाले. नागालँडची राजभाषा तर इंग्रजीच आहे. तेथे जमातीगणिक बोली वेगळी, आणि इंग्रजी त्यातल्या एकाही जमातीची नाही. एक भाषा नसली म्हणून देश मोडत नाही, हाच याचा अर्थ.

आणि उच्च न्यायालयाचे कागद कोणत्या भाषेत असतात? बहुतेक इंग्रजीतच. ज्याला ते वाचता येत नाहीत तो वकील बोट ठेवील तेथे सही करतो. आपल्या मुलांवर ही पाळी का यावी?

पण दुसरी बाजूही पाहू. कर्ज काढून मुलाला इंग्रजी शाळेत घातले आणि त्याला आजोबांचे पत्र वाचता येईना, तर आपण काय कमावले? इंग्रजी न येणाऱ्या आईबापाची त्याला लाज वाटू लागली, तर ती नवी शिवाशिवच झाली.

तेव्हा पालकहो, इंग्रजी जरूर शिकवा. पण रात्री जेवणानंतर त्याच मुलाकडून मराठी वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचून घ्या. त्याला खर्च काहीच येत नाही. आईबाप ऐकतील, पोर शिकेल आणि घर एकत्र बसेल.