हेडरवर बंदी असावी काय?

डोक्याने चेंडू मारणे हे फुटबॉलचे एक वैभव मानले जाते. कोपऱ्यातून उंच आलेला चेंडू, दोन बचावपटूंच्या वर झेपावलेला आघाडीचा खेळाडू आणि गोलरक्षकाला हलण्याची उसंत न देता जाळ्यात विसावलेला तो हेडर, हे दृश्य पाहून मैदान उसळले नाही असे गोमंतकात तरी होत नाही. याच क्रियेवर, निदान लहान मुलांपुरती, बंदी घालावी असा विचार गेल्या दहा-बारा वर्षांत पाश्चात्त्य देशांत बळावला आहे. काही देशांनी तो अमलातही आणला. २०१२ साली फुटबॉलला राज्यखेळाचा दर्जा देणाऱ्या गोव्याने हा वाद परका मानण्याचे कारण नाही, आणि त्याचा गाभा वैद्यकीय असल्यामुळे आपणां डॉक्टरांना तर त्यातून अंग काढून घेता येणार नाही.

पाद्री विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी १८८३ साली शिवोलीत हा खेळ आणला, असे गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगतो. शिवोलीपुढे शापोरा नदी आणि ती ओलांडली की पेडणे महाल, अंतर इतकेच. तरीही साष्टी-बार्देशाइतका फुटबॉल नव्या काबिजादीत, म्हणजे आपल्या पेडणे-डिचोलीत, रुजला नाही; येथील मुलांचा ओढा क्रिकेटकडेच अधिक राहिला. आता हे चित्र पालटू लागले आहे. सेसाच्या अकादमीमुळे साखळीचे नाव फुटबॉलशी जोडले गेले, आणि मे महिन्यातल्या शिबिराला सात-आठ वर्षांचे मूल पाठवणे ही मध्यमवर्गीय पालकांसाठी नवलाची गोष्ट उरलेली नाही. जिथे खेळ नव्याने रुजतो, तिथे त्याच्या सवयीही नव्याने घडवता येतात. हा लेख लिहिण्याचे खरे प्रयोजन तेच.

बंदीचा विचार कसा करू नये, याचा एक नमुना प्रथम पाहू. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा, हातात चेंडू धरून मुसंडी मारण्याचा खेळ. त्यात फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने एक डाव हुकमी करून टाकला. एखाद्या यार्डाची गरज उरली की चेंडू घेतलेल्या खेळाडूला मागून त्याचेच साथीदार ढकलतात आणि सारा जमाव समोरच्या भिंतीतून पुढे सरकतो. ‘टश पुश’ हे त्याचे प्रचलित नाव. शब्दशः अर्थ सांगायचा तर ढुंगणाला धक्का. ग्रीन बे पॅकर्स या संघाने त्यावर बंदीचा प्रस्ताव आणला. २०२५ च्या मे महिन्यात ३२ संघांपैकी २२ संघांनी बंदीच्या बाजूने आणि १० संघांनी विरुद्ध मत दिले. २४ मते आवश्यक असल्यामुळे प्रस्ताव पडला. विरोधकांनी सुरक्षिततेचे कारण पुढे केले होते, पण त्या डावात खेळाडू अधिक जखमी होतात असे दाखवणारी भक्कम आकडेवारी त्यांच्यापाशी नव्हती. डाव दिसायला कुरूप आणि अडवायला कठीण, हेच खरे दुखणे असावे. आवडीनिवडीला वैद्यकीय झगा चढवला की असे होते.

हेडरची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो दिसायला देखणा. त्या क्षणी खेळाडूला काही होत नाही. तो कपाळ पुसतो आणि पुन्हा धावतो. प्रश्न आहे तो हजारो वेळा साठत जाणाऱ्या लहान लहान आघातांचा, ज्यांतला एकही मेंदूचा हादरा म्हणून नोंदवण्याजोगा नसतो.

इंग्लंडचा आघाडीपटू जेफ ॲस्टल हेडरसाठी प्रसिद्ध होता. २००२ साली तो ५९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने वारला, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने त्याचा मृत्यू व्यवसायजन्य रोगाने झाला असा निर्णय दिला. २०१४ साली त्याच्या जतन केलेल्या मेंदूची फेरतपासणी झाली तेव्हा मुष्टियोद्ध्यांमध्ये आढळणारा क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी हा विकार त्यात दिसला. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे आपण जाणतोच. परंतु २०१९ साली ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंची तुलना सर्वसामान्य लोकांतील २३,०२८ समवयस्क पुरुषांशी केली. मज्जासंस्थेच्या ऱ्हासजन्य रोगांनी मृत्यू येण्याचे प्रमाण खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीन पट निघाले. अल्झायमरच्या बाबतीत ते पाच पटींच्या घरात गेले. त्याच गटाने २०२१ साली खेळाडूच्या जागेप्रमाणे वर्गवारी केली. क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांत जोखमीची वाढ संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. बचावपटूंत मात्र ती जवळजवळ पाच पट होती. स्वीडनमधील ६,००७ खेळाडूंच्या २०२३ च्या अभ्यासात जोखीम दीड पटीच्या आसपास, म्हणजे बरीच कमी, निघाली. गोलरक्षक मात्र तिथेही सुटलेले होते.

‘तेव्हाचा चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड व्हायचा, आताचा हलका असतो,’ हे उत्तर हमखास ऐकू येते. ते पुरेसे नाही. नियमानुसार चेंडूचे कोरडे वजन आजही ४१० ते ४५० ग्रॅमच असते, आणि कृत्रिम आवरणाचा चेंडू पाणी कमी पीत असला तरी वेगाने येतो. स्कॉटलंडच्या अभ्यासात १९१० ते १९६९ या दीर्घ काळात जन्मलेले खेळाडू होते. नंतरच्या पिढ्यांत जोखीम घटल्याचे त्यात दिसले नाही.

अर्थात या साऱ्या पुराव्याच्या मर्यादा आहेत. हे सर्व प्रौढ व्यावसायिक खेळाडू. हेडर मारताना डोक्यावर डोके आणि कोपर आदळतात ते वेगळे मोजलेले नाही. बालपणीच्या हेडरचा हिशेब तर कोणी ठेवलेलाच नाही. मग मुलांवर बंदी कशाच्या आधारे? माझ्या मते आधार शरीररचनेचा आहे. लहान मुलाचे डोके धडाच्या मानाने मोठे, मान बारीक, मानेचे स्नायू दुबळे आणि मेंदूतील तंतूंवरील मायलिनचे आवरण अजून अपुरे. त्याच आघाताने त्याचे डोके अधिक झटका खाते. शिवाय जोखीम पत्करण्याची संमती प्रौढ खेळाडू देऊ शकतो, आठ वर्षांचा मुलगा नाही.

येथे एक गल्लत टाळावी. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो संघाचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि मरण पावला. गोमंतकीय रसिक तो दिवस विसरलेले नाहीत, आणि खेळातील धोक्याचा विषय निघाला की हे उदाहरण पुढे येतेच. पण त्याच्या मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे हे होते. त्यातून मिळणारा धडा मैदानावर डीफिब्रिलेटर, रुग्णवाहिका आणि छातीदाबाचे प्रशिक्षण असलेली माणसे असावीत हा आहे. हेडरच्या वादात ते उदाहरण उपयोगाचे नाही.

अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने एका खटल्यातील तडजोडीनंतर २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडरची पूर्ण बंदी केली आणि ११ ते १३ वयोगटात सरावातील हेडरवर मर्यादा घातली. स्कॉटलंड, इंग्लंड व उत्तर आयर्लंड यांनी २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर वगळला. इंग्लंडने त्यापुढे जाऊन लहान गटांच्या सामन्यांतूनही तो टप्प्याटप्प्याने काढण्याचे ठरवले. जाणूनबुजून हेडर मारला तर प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक मिळते. २०२१ पासून तेथील व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात आठवड्याला दहाच जोरकस हेडर मारावेत असे सांगितले गेले. सामन्यापेक्षा सरावावर दिलेला हा भर मला विशेष समंजस वाटतो. सामन्यात मुलाच्या वाट्याला एखाद-दुसरा हेडर येतो. प्रशिक्षकाने रांगेत उभे करून चेंडू फेकायला सुरुवात केली की अर्ध्या तासात तीस.

प्रशिक्षकांचा आक्षेप असा, की लहानपणी तंत्र शिकवले नाही तर चौदाव्या वर्षी मुलगा डोळे मिटून, टाळूने चेंडू मारील आणि अधिक इजा करून घेईल. आक्षेपात तथ्य आहे. पण तंत्र शिकवायला खरा चेंडू लागत नाही. फुगा किंवा स्पंजचा चेंडू पुरतो. आपल्याकडील खरी अडचण वेगळीच आहे. गावात चेंडू एकच असतो, तो पाच नंबरचा, दगडासारखा कडक फुगवलेला, शिवण उसवल्यामुळे जूनच्या पावसात पाणी पिणारा; आणि त्याच चेंडूने थोरले भाऊ व धाकटे दोघेही खेळतात. आठ ते बारा वर्षांसाठी चार नंबरचा, ३५० ते ३९० ग्रॅमचा चेंडू असतो. पंचायतीने किंवा शाळेच्या पालक संघाने असे दोन चेंडू घेऊन दिले तर फार मोठा खर्च येत नाही.

हे सांगताना एक भीती मनात आहे. डॉक्टरने हेडरविषयी सावध केले की आई मुलाला मैदानावर पाठवणेच थांबवते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. ज्या स्कॉटिश अभ्यासाने मेंदूविषयी धोक्याची घंटा वाजवली, त्याच अभ्यासात त्या खेळाडूंचे हृदयविकाराने व फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतरांपेक्षा कमी होते. तेव्हा पालकांशी बोलताना दोन्ही वाक्ये एका दमात बोलावीत: मुलाला रोज खेळायला पाठवा, आणि बारा वर्षांपर्यंत हेडर नको.

भात कापून शेते मोकळी झाली की आपल्या दोन्ही महालांत मुलांच्या स्पर्धा भरतील. त्यांच्या उद्घाटनाला पाहुणा म्हणून पुष्कळदा गावच्या डॉक्टरलाच बोलावले जाते. कोणत्याही महासंघाच्या आदेशाची वाट न पाहता, बारा वर्षांखालील गटाच्या नियमपत्रिकेत ‘हेडर मारल्यास इनडायरेक्ट फ्री किक’ ही एक ओळ घालण्याची अट त्याने आमंत्रण स्वीकारतानाच घालावी.