बॅटरी उतरली? धक्का मारण्याआधी हे वाचा

सुट्टीभर उभी राहिलेली गाडी सेल्फ मारला की नुसती 'टक-टक' करते. मग काय, मोशी-चाकण रस्त्यावर कंटेनरच्या गर्दीत धक्का मारायचा? त्यापेक्षा जम्प स्टार्टर जवळ ठेवा. पुस्तकाएवढा हा लिथियम पॅक काही सेकंद शंभराहून जास्त अँपिअर देतो. स्टार्टर मोटरला तेवढेच लागतात.

क्रम मात्र पाठच करा. पॅक बंद ठेवून लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा. काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या रंग नसलेल्या धातूला. का? लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि चिमटा लावताना ठिणगी उडू शकते. ती बॅटरीजवळ उडाली तर स्फोट, आणि ॲसिड थेट डोळ्यांत! आता पॅक चालू करा.

सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. गाडी सुरू झाली की आधी काळा, मग लाल चिमटा काढा. बॅटरी फुगली किंवा गळत असेल, तर मेकॅनिकच बोलवा.

पॅक उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. मोबाईल रोज चार्ज करता, हा तीन महिन्यांतून एकदा तरी करा. नाहीतर ऐनवेळी धक्का आहेच!