ट्रूडो ऊर्फ त्रुतो: क्वेबेकमधली वंशावळीची शोधाशोध

कॅनडाचे दिवंगत पंतप्रधान पियर ट्रूडो यांचे पूर्ण नाव होते जोसेफ फिलिप पियर इव्ह एलियट ट्रूडो. यातले ‘जोसेफ’ हाक मारण्यासाठी नव्हतेच. १६२४ मध्ये इथल्या फ्रेंच वसाहतीने सेंट जोसेफला आपला रक्षक संत मानले आणि पुढे क्वेबेकच्या कॅथलिक घरांत बाप्तिस्मा देताना मुलाच्या नावाआधी ‘जोसेफ’, मुलीच्या नावाआधी ‘मारी’ लावायची रीतच पडली. त्याच्या जोडीला अनेकदा धर्मपित्याचे किंवा धर्ममातेचे नाव येई. घरातले रोजचे नाव या रांगेत कुठेतरी दडलेले असे.

आडनावांची तर आणखी गंमत. ट्रूडोंचे मूळ पुरुष एतिएन त्रुतो हे फ्रान्समधल्या ला रोशेलचे सुतार. १६५९ मध्ये ते मॉन्ट्रियलला आले. त्रुतोचे ट्रूडो व्हायला फार काही घडावे लागले नाही. नोंदवहीत पाद्री कानावर पडेल तसे लिही आणि ज्याचे नाव लिहायचे, त्याला बहुधा वाचता येत नसे.

खरी दमछाक होते ती ‘दी’ने, म्हणजे आपल्याकडच्या ‘ऊर्फ’ने. पियर मिव्हिल स्वित्झर्लंडचे, म्हणून ते ‘मिव्हिल दी ल स्विस’. त्यांचे चिरंजीव जाक मात्र ‘मिव्हिल दी देशेन’. आज त्यांच्या वंशजांत कोणी मिव्हिल आहे, कोणी देशेन, तर कोणी दोन्ही जोडून लावतो. सैनिकांना तर पलटणीतच टोपणनाव मिळे: लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बेफिकीर. १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतले सुमारे चारशे जण वसाहतीतच राहिले, आणि त्यांच्याबरोबर ही नावेही रुजली. एका भावाची मुले मूळ आडनाव लावत, दुसऱ्याची टोपणनाव.

असे असूनही इथली वंशावळ बहुतेक वेळा सतराव्या शतकापर्यंत जाऊन भिडते. याचे श्रेय चर्चच्या नोंदवह्यांना. १६४० मध्ये क्वेबेक गावातले चर्च जळाले, त्यात तिथल्या नोंदी गेल्या. त्या आठवून पुन्हा लिहून काढल्या गेल्या. १६७९ पासून प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवणे सक्तीचे झाले, एक चर्चमध्ये आणि एक न्यायालयात. सिप्रियां तांगे या पाद्रीबुवांनी १८७१ ते १८९० या काळात त्यांवरून सात खंडांचा वंशकोश सिद्ध केला. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून याच नोंदी एकमेकींशी जोडून एक प्रचंड माहितीसंग्रह उभा केला.

या साऱ्यात विवाहाची नोंद सर्वांत मोलाची. तिच्यात सहसा वर-वधू दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, त्यामुळे एका लग्नावरून मागच्या पिढीचे लग्न शोधता येते. शिवाय स्त्रीची नोंद आयुष्यभर, अगदी दफनाच्या वेळीही, माहेरच्याच नावाने होई. १६६३ ते १६७३ दरम्यान राजाच्या खर्चाने लग्नासाठी पाठवलेल्या साडेसातशेहून अधिक तरुणींचा माग म्हणूनच आजही लागतो. नवऱ्याचे आडनाव बदलले तरी बायकोच्या नावावरून घर ओळखू येते.

वस्ती मुळात लहान असल्याने वाटाही पुन्हा त्याच पूर्वजांकडे वळतात. १६३४ मध्ये आलेले सुतार झाकारी क्लुतिए यांचे १८०० सालापर्यंत दहा हजारांहून अधिक विवाहित वंशज झाले होते. पुढे माणसे पांगली तशी नावेही बदलली. एकोणिसाव्या शतकात इथले लाखो लोक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला गेले. तिथे आडनावांचे इंग्रजी भाषांतर होऊन बुआव्हेरचे ग्रीनवुड झाले, रुआचे किंग.

अशाच स्थलांतरितांच्या घरात, मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावी, लेखक जॅक केरुआक जन्मले. आपले मूळ शोधायला ते १९६५ मध्ये फ्रान्सला गेले आणि हात हलवत परतले. ते ‘ल ब्री द केरुआक’ घराणे धुंडाळत होते. त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी संशोधकांना मूळ पुरुष सापडला. ब्रिटनी प्रांतातल्या एका नोटरीचा हा मुलगा वसाहतीत नाव बदलून राहिला होता. त्याचे खरे आडनाव होते ल बियां.