घरच्या सर्व्हरचे न पोहोचणारे इशारे: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातल्या एखाद्या कोपऱ्यात अहोरात्र चालणारा लहानसा सर्व्हर, मग तो दोन-चार डिस्कांचा नॅस असो, जुन्या संगणकावर बसवलेले लिनक्स असो किंवा रास्पबेरी पाय असो, आपल्या धन्याशी बोलतो तो मुख्यतः ईमेलच्या द्वारे; डिस्कवरील सदोष सेक्टर वाढू लागले, रेडमधील एखादी डिस्क गळाली किंवा रात्रीचा बॅकअप अर्धवट राहिला, की त्याने तत्काळ इत्तला द्यावी अशी अपेक्षा असते. ही इत्तला येईनाशी झाली म्हणजे जे समज आधार म्हणून पुढे केले जातात ते बहुधा तपास भलत्याच दिशेला नेतात. आणि त्यांतील सर्वांत घातक समज तर तपासाची गरजच भासू देत नाही. तो समज असा, की इशारा आला नाही त्या अर्थी सर्व कुशल आहे.

वस्तुतः सारे सुरळीत असल्याची शांतता आणि इशाऱ्याची वाट बंद पडल्याची शांतता यांत बाहेरून काडीचाही फरक दिसत नाही. डेबियनमध्ये क्रॉनने चालवलेल्या कामाने काही मजकूर छापला तर तो ईमेलने मालकाकडे धाडण्याची वहिवाट आहे. परंतु रवानगी करणारा प्रोग्रॅमच यंत्रावर बसवलेला नसेल, तर क्रॉन तो मजकूर टाकून देतो आणि सिस्टिमच्या लॉगमध्ये ‘नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट’ एवढी एक ओळ लिहून मोकळा होतो. बॅकअप रोज बिघडावा, त्याची तक्रार रोज लिहिली जावी आणि रोजच्या रोज नष्टही व्हावी, आणि घरच्या मंडळींना त्याचा मागमूसही नसावा, हे अशा यंत्रावर सहज घडू शकते.

चाचणीदाखल ‘मेल’ ही आज्ञा दिली, तिने कसलीच चूक दाखवली नाही, तेव्हा पत्र गेलेच असले पाहिजे, हाही समज असाच दृढ आहे. पत्र त्याच यंत्रावरील पोस्टफिक्स किंवा एक्झिम यांच्या रांगेत दाखल केले, की त्या आज्ञेचे कर्तव्य संपते. पुढचा प्रवास फसला तर पोस्टफिक्स पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहतो, आणि सेटिंग बदललेले नसेल तर पाच दिवसांनी हात टेकून पत्र परत करतो. ते परत जाते पाठवणाऱ्याकडे, म्हणजे बहुधा त्याच यंत्रावरील रूट या खात्याकडे, ज्याची पत्रपेटी उघडून पाहण्याचे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. म्हणून तपासाचा आरंभ ‘मेलक्यू’ या आज्ञेने रांग पाहून आणि रूटची पत्रपेटी वाचून करावा; तुंबलेल्या इशाऱ्यांचा सारा साठा पुष्कळदा तेथेच सापडतो.

त्यानंतर लॉग. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये प्रत्येक पत्रापुढे ‘स्टेटस’ म्हणून एक शेरा असतो आणि त्याला लागूनच कंसात अपयशाचे कारण किंवा समोरच्या सर्व्हरचा जबाब जसाच्या तसा उतरवलेला असतो. हा जबाब न वाचता सेटिंग अंदाजाने बदलत बसणे ही माझ्या मते या सबंध प्रकरणातील सर्वांत नुकसानकारक सवय होय, कारण जबाबातच बहुधा निम्मे निदान असते. ‘डिफर्ड’ असा शेरा आणि कंसात ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल, तर पलीकडून कोणी उत्तरच दिलेले नाही, म्हणजे वाटेत कोठेतरी अडसर आहे असे समजावे. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असेल, तर आपण मुक्कामी पोहोचलो, पण त्या पोर्टवर आपल्यासाठी कोणी बसलेले नाही. आणि ५३५ हा आकडा असेल, तर वाट, पोर्ट, सर्व्हर सारे ठीक असून केवळ नाव किंवा पासवर्ड नामंजूर झाला आहे. चाराने सुरू होणारा आकडा तात्पुरती अडचण सांगतो, पाचाने सुरू होणारा कायमचा नकार. ‘सेंट’ आणि २५० असे दिसले, तरी त्यातून एवढेच सिद्ध होते, की पुढच्या सर्व्हरने पत्राची जबाबदारी पत्करली. त्याने ते इनबॉक्समध्ये ठेवले की स्पॅममध्ये, याची शहानिशा पत्रपेटी उघडूनच करावी लागते.

‘टाइम्ड आउट’च्या मागे बहुधा पंचवीस क्रमांकाचे पोर्ट असते, आणि येथे इतिहास जाणून घेणे उपयोगाचे आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली एसएमटीपीचे नियम लिहिले, तेव्हा कोणत्याही यंत्राने दुसऱ्या कोणत्याही यंत्राला या पोर्टवर पत्र द्यावे, ओळख विचारण्याचे कारण नाही, अशीच व्यवस्था होती. पुढे व्हायरसग्रस्त घरगुती संगणकांतून स्पॅमचे लोंढे वाहू लागले, तेव्हा जगभरच्या अनेक इंटरनेट कंपन्यांनी घरगुती जोडण्यांवरून बाहेर जाणारे पंचवीस क्रमांकाचे पोर्टच बंद केले. तेव्हा सर्व्हरच्या फायरवॉलशी तासन्‌तास झगडणाऱ्याने आधी हे ताडून पाहावे, की अडसर आपल्या घराच्या आत आहे की बाहेर.

हे पोर्ट खुले असले तरी कार्य सिद्धीस जाईलच असे नाही. स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल नावाच्या यादीत घरगुती ग्राहकांना दिल्या जाणाऱ्या आयपी पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे नोंदलेले असतात, आणि कित्येक नोंदी इंटरनेट कंपन्यांनी स्वतःहून दिलेल्या असतात. आपला पत्ता अशा यादीत पाहून आपले यंत्र कोणी हॅक केले अशा भीतीने सारी डिस्क पुसायला निघणारी माणसे आहेत. ही भीती निराधार आहे. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की या पत्त्यावरून परस्पर पत्रे धाडली जाऊ नयेत असे धोरण आहे. स्पॅम पाठवल्याचा ठपका त्यात नाही.

म्हणून घरच्या सर्व्हरने थेट टपाल वाटण्याच्या फंदात न पडता, जेथे आपले खाते आहे अशा मेलसेवेच्या स्वाधीन पत्र करावे हाच राजमार्ग होय. त्यासाठी ५८७ हे पोर्ट १९९८ मध्ये नेमले गेले, आणि ४६५ ला २०१८ मध्ये पुन्हा अधिकृत मान्यता मिळाली. दोन्ही सुरक्षितच, फक्त रीत भिन्न: ४६५ वर पहिल्या अक्षरापासून टीएलएस असते, तर ५८७ वर संभाषण साधे सुरू होऊन ‘स्टार्टटीएलएस’ म्हटल्यावर ते गुप्त होते. सेटिंगमध्ये एकाचे पोर्ट आणि दुसऱ्याची रीत निवडली गेली, तर ‘राँग व्हर्जन नंबर’ असा दुर्बोध शेरा येतो किंवा दोन्ही पक्ष एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत मुदत संपेपर्यंत स्वस्थ बसतात.

‘काल चालत होते, आज बंद पडले, मी तर सर्व्हरला हातही लावला नाही’ ही तक्रार बहुधा प्रामाणिक असते, पण बदल सर्व्हरवर झालेला नसतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांत नुसत्या नेहमीच्या पासवर्डने इतर प्रोग्रॅमना प्रवेश देणे थांबवले. तेव्हापासून द्विस्तरीय पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. आणि खात्याचा मूळ पासवर्ड बदलला, की सारे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. घरातल्या कोणी फोनवर सद्‌हेतूने पासवर्ड बदलावा आणि त्याच क्षणी सर्व्हरचा आवाज बंद व्हावा, असा हा संबंध आहे.

पाठवणाऱ्याचा पत्ता काहीही लिहिला तरी चालतो, हा समज ओळख न विचारण्याच्या त्या जुन्या काळचा अवशेष आहे. रूट आणि त्यापुढे घरच्या यंत्राचे मनमानी नाव असा पत्ता लावून निघालेले पत्र कित्येक सेवा नाकारतात. जीमेल तो पत्ता बदलून खात्याचा पत्ता घालते. स्वतःचे डोमेन वापरायचे असेल, तर एसपीएफ आणि डीकेआयएम यांच्या नोंदी डीएनएसमध्ये कराव्या लागतात, अन्यथा पत्र स्पॅममध्ये जाण्याचा संभव बळावतो.

राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. इशारे पाठवण्यासाठी त्याची मुळीच आवश्यकता नाही, कारण जोडणी आतून बाहेर जाते, आणि असे पोर्ट विनाकारण उघडणे हा धोकाच आहे.

घड्याळाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. चौथ्या पिढीपर्यंतच्या रास्पबेरी पायवर बॅटरीचे घड्याळ नव्हते. वीज जाऊन आली, की नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याची तारीख मागे असू शकते, आणि तेवढ्यात निघालेल्या पत्राला टीएलएसचे प्रमाणपत्र अग्राह्य ठरते. पोस्टफिक्स ते पत्र पुन्हा पाठवील. एमएसएमटीपीसारखा हलका प्रोग्रॅम रांगच ठेवीत नसल्यामुळे ते कायमचे गेले.

सारे जुळल्यावर चाचणी घ्यावी ती खऱ्या मार्गाने. हाताने पाठवलेले पत्र पोहोचले म्हणून डिस्कचा इशाराही पोहोचेल असे धरून चालू नये, कारण दोहोंचे पत्ते वेगळ्या फाइलींत असतात. डिस्कांवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीच्या सेटिंगमध्ये ‘एम टेस्ट’ लिहून सेवा पुन्हा सुरू केली, किंवा रेडवर लक्ष ठेवणाऱ्या एमडीएडीएमला ‘टेस्ट’ हा पर्याय दिला, तर ते आपापल्या वाटेने चाचणीपत्र धाडतात. शिवाय वीज गेली आणि राउटरही निजला, तर कोणताच सर्व्हर आपल्या मृत्यूची वार्ता देऊ शकत नाही. त्यासाठी पहारा घराबाहेर हवा: सर्व्हरने ठरावीक अंतराने बाहेरच्या एखाद्या सेवेला हजेरी द्यावी आणि ती चुकली म्हणजे त्या सेवेने आपल्याला कळवावे. ही हजेरी रात्रीचा बॅकअप संपल्यावर दिली जात असेल, तर तिची मुदत ठरवताना त्या बॅकअपला लागणारा जास्तीत जास्त वेळ जमेस धरावा आणि वर तासाभराची सवलत ठेवावी, म्हणजे बॅकअप लांबला म्हणून खोटा इशारा येणार नाही.