गुडघ्यातल्या दोरीचं माप

भातकापणी आटोपली की कर्जत-खालापूरच्या गावागावांत कबड्डीची मैदानं आखली जातात. एकेकाळी कडेला बसून टाळ्या वाजवणाऱ्या मुली आता स्वतः चढाईला जातात. माझी सतरा वर्षांची भाचीही त्यातलीच. गेल्या मोसमात पकडीतून निसटताना तिचा पाय मातीत रुतून राहिला आणि गुडघा फिरला. पनवेलला एमआरआय केला, तर लिगामेंट पूर्ण तुटलेलं.

‘आता पुरे झाला खेळ! उद्या लग्न जमायचं कसं?’ घरात लगेच सूर निघाला. पोरीचा मात्र एकच प्रश्न, ‘मावशी, मी परत खेळेन ना?’

त्या प्रश्नापायी मी वाचत गेले, विचारत गेले. हे लिगामेंट सहसा नुसतं शिवून भागत नाही. बहुतेक वेळा मांडीच्या मागून गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरणारे दोन स्नायूबंध काढतात, दुमडून त्यांची चारपदरी दोरी करतात आणि ती गुडघ्यात बसवतात. हाच ग्राफ्ट. आता दोरी म्हटली की जाडी आलीच! २०१२ साली अमेरिकेत २५६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्राफ्ट ८ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक आणि वय विशीच्या आत, अशांवर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ जास्त आली होती. ८ मिलिमीटर म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीहून किंचित जाड.

आणि इथंच आपल्या मुलींचा प्रश्न येतो. चण लहान, उंची कमी, की स्नायूबंधही बहुधा बारीक. आमची भाची तर जेमतेम पाच फूट!

डॉक्टरांना विचारलं, ‘हिची दोरी किती जाड होईल?’ त्यांनी शांतपणे समजावलं. उंची, वजन, मांडीचा घेर यांवरून अंदाज बांधता येतो. हातात असलेल्या एमआरआयवरच स्नायूबंधांची जाडी मोजली तर तो आणखी पक्का होतो. अर्थात तो अंदाजच. खरं माप कळतं ते ऑपरेशनच्या टेबलावर, अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानं भोकं पाडलेल्या मापकातून ग्राफ्ट ओवताना. पण दोरी बारीक निघेल हे आधी कळलं, तर जास्त पदर घालायचे, की मांडीच्या पुढचा किंवा घोट्याच्या बाजूचा स्नायूबंध घ्यायचा, हे आधीच ठरतं. घरच्यांनाही विचार करायला वेळ मिळतो.

दोरी जाड झाली म्हणजे सगळं झालं असं मात्र नाही हं. पुढे निदान नऊ महिने नेमानं व्यायाम हवाच. विनेश फोगटच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिनं पॅरिस ऑलिम्पिकची उपांत्य कुस्ती जिंकली. हे मी घरात मुद्दाम सर्वांना ऐकवलं!

मैत्रिणींनो, साधं ब्लाउज शिवायला टाकतानाही आपण दहादा माप तपासतो. मग लेकीच्या गुडघ्याचं माप विचारायला कसला आलाय संकोच?